इंदूवहिनीच्या घरासाठी ट्रक

“आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसलाच, तर माझ्या सांगण्यात काहीतरी चुकलं असं समजा,” मी म्हणालो आणि पायरीवर ऐसपैस बसलो.

समोर माळी मास्तरांचा जावई होता. निशिकांत त्याचं नाव, मालवणकडचा. त्यानं पुण्याहून एक भलंमोठं चाकांवरचं घर विकत आणलं होतं. आत पलंग, ओटा, संडास, सगळं. पर्यटकांना भाड्यानं द्यायचं, सीझन बघून आज इथं तर उद्या तिथं न्यायचं, असा त्याचा बेत. घर आलं, पण ते ओढायला ट्रक कुठला घ्यावा यावर गाडं अडलं. मास्तर आमच्या शेजारचेच. ते त्याला घेऊन माझ्याकडं आले. आमच्या मुरगुडात जत्रेच्या गाड्यांबरोबर जन्म काढलेला आणि अजून जिवंत असलेला माणूस म्हणजे मीच. मी आणि दादा. पण दादाला कुणी काही विचारत नाही.

“तात्या, मी एक ट्रक हेरून ठेवलाय,” निशिकांत म्हणाला. “अंगानं हलका आहे, पण ओढायला राक्षस. मागं काहीएक भरायचं नाही. रिकामा ठेवायचा. सगळी ताकद ओढण्याला.”

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ रंगराव, भिंतीकडेच्या बाकावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. तो कामापुरतं बोलतो. मीठ दे, दार लाव, इतपत.

“आम्हीपण एकदा असाच ट्रक निवडला होता,” मी म्हणालो.

“ही मी ऐकलीय,” मास्तर म्हणाले. “फार वेळा ऐकलीय.”

“जावयानं नाही ऐकली.”

“मग ऐकवा. पण जरा आवरतं घ्या. त्याला संध्याकाळच्या गाडीनं जायचंय.”

आमचा मौत का कुआ होता. निशिकांतला तो माहीत नव्हता, म्हणून आधी ते सांगितलं. फळ्या जोडून केलेला उभा, गोल, दोन मजल्यांचा हौद. त्याच्या आतल्या भिंतीवरून मोटारसायकल आडवी फिरवायची आणि लोकांनी वरच्या कठड्यावरून वाकून बघायचं. मालक दादा. मी भोंग्यावर. भोंग्यावरच्या माणसानं आत जे चाललंय त्याच्या दसपट बाहेर सांगायचं असतं. ते काम मी इतकं मन लावून केलं की पुढं तोंडाला दुसरं वळणच लागलं नाही. आणि मोटारसायकल चालवायची ती इंदूवहिनी, दादाची बायको.

वहिनी नऊवारीचा काचा मारून गाडीवर बसायची. चौथ्या फेरीला हात सोडायची. कठड्यावरून वाकलेल्या माणसाच्या डोक्यावरची टोपी फिरता फिरता उचलायची आणि पुढच्या फेरीला परत त्याच डोक्यावर ठेवायची. निपाणीच्या जत्रेत तिनं एका पाटलाची टोपी अशी नेली-आणली, तर पाटलाला पत्ताच नाही. तो शेजारच्याला विचारत होता, ही बाई टोप्या उचलते म्हणतात ते कधी?

“मागल्या वेळी फेटा होता,” मास्तर म्हणाले.

“फेटापण उचलला. तो पाटील वेगळा.”

निशिकांत हसला. बरं वाटलं.

तर अशी बाई. कुव्यात कधी पडली नाही. पडली ती नळावर. शेवाळलेल्या फरशीवर पाय घसरला, भरलेली कळशी अंगावर आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, बसेल, कुशीवर वळेल, पण उभी राहणार नाही. दादानं तिला घरी आणली, कॉटवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी गाड्यांना ग्रीस भरायला घेतलं. सीझन तोंडावर आला होता.

“तू आता हितंच ऱ्हा,” तो तिला म्हणाला. मी दारात उभा होतो. “तुझी भन येतीया. शेजारीण हाय.”

“आणि तुमी?”

“मी येतोच की, सीझन संपला की.”

“तवर मी काय करू? आढं बघू?”

“मग काय ट्रकात निजणार? हाड भरलंय व्हय अजून?”

“कसं न्यायचं ते तुमी बघा,” वहिनी म्हणाली. “मला गाडी चालवायची न्हाई. निजून ऱ्हाईन. पर भोंगा ऐकू आला पाहिजे. मला ठिवून गेलासा, तर माघारी आल्यावर मी दिसंन असं समजू नगा.”

ती धमक्या देणाऱ्यातली नव्हती. भूक लागली हे ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात हे सांगितलं. दादा ग्रीसचे हात तसेच घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, “बरं.”

दादाचं बरं म्हणजे बरंच. आठवड्याभरात त्यानं भंगारातून एका बसचा सांगाडा उचलला. इंजिन नाही, पुढचा भाग नाही, नुसती मागची खोली. कोल्हापूरच्या एका वेल्डरला बसवलं. खिडकीला लागून कॉट जाम केली, म्हणजे वळणावर सरकायची नाही. ओटा केला, भांड्यांना फळी केली, तुळशीचा डबा दाराशी तारेनं बांधला. वहिनीची मोटारसायकल तिच्या उशाशी उभी केली. तिला ती दिसायला पाहिजे होती. घर झालं, आणि इतकं मोठं झालं की पुढच्या दाराशी पाऊस पडत असला तर मागच्या दाराशी वाळवण घालता यायचं. चहा मागितला तर ओट्यावरून कॉटपर्यंत येईतो निवायचा.

“ब्रेक कसले होते?” निशिकांतनं मध्येच विचारलं.

“कुणाला?”

“घराला.”

“घराला कशाला ब्रेक लागतात?” मी म्हणालो. “तुमच्या मालवणच्या घराला आहेत का?”

तेव्हा दादापण मला अगदी असंच म्हणाला होता.

आता राहिला ट्रक. आमच्याकडं फळ्यांचा एक जुना ट्रक होता, पण तो भाड्याचा आणि फळ्यांनीच पुरा व्हायचा. दादानं दलालांना निरोप धाडले. माळावर तीन ट्रक येऊन उभे राहिले. पहिला वाळूवाल्याचा, नवा, बंपरपासून छतापर्यंत रंगवलेला. दुसरा लाकूडवाल्याचा. जुना, रुंद, चेसिस अशी की हत्ती बसलाय. रंग उडालेला, इंजिनाला दमा. तिसरा मिलिटरीतून निकामी म्हणून काढलेला, उंच पायांचा, चारी चाकं ओढणारा.

आमच्या वडिलांचा बैलांवर फार जीव. ते बैल घेताना एकच परीक्षा घ्यायचे. गाडी दगडांनी भरायची, चाकं साखळीनं बांधायची आणि बैल जुंपायचा. फिरणारी चाकं कुणीपण ओढतं, ते म्हणायचे, बांधलेली ओढली तर तो बैल. दादानं त्यांच्या हाताखाली कितीतरी बैल घेतले. ट्रक घेतला नव्हता कधी. त्यामुळं त्यानं काय केलं असेल हे तुम्हीच समजा. घराची चाकं साखळदंडानं बांधली. वहिनी आत कॉटवर, खिडकीतून बघत. अख्खं मुरगूड माळावर. मी भोंगा लावला होता, तो उगाच नाही.

दादा एकेका ट्रकाभोवती फिरला. बॉनेटवर थाप मारली. टायरला हात लावून बघितला. रेडिएटरचं झाकण काढून आत असा डोकावला की वाटलं, आता दात मोजतो.

वाळूवाल्याचा ट्रक जुंपला. नुसता धूर. क्लच जळाल्याचा वास गावात पोचला. लाकूडवाल्याचा जुंपला. त्यानं एकदा हुंकार दिला आणि जागचा हलला नाही. मग मिलिटरीचा. त्यानं पुढची चाकं रोवली, मागची रोवली, आणि बांधल्या चाकांचं ते घर फरफटत माळाच्या ह्या टोकापासून त्या टोकाला नेलं. जमिनीत असा चर पडला की पुढच्या साली तिथं एकानं ऊस लावला.

“मागल्या वेळी भुईमूग,” मास्तर म्हणाले.

“आंतरपीक.”

लोकांनी शिट्ट्या मारल्या. दादानं गुलाल उधळला. तेवढ्यात वहिनीनं खिडकीच्या गजावर वाटी वाजवली. मी भोंगा बंद केला.

“लाकूडवाल्याचा घ्या,” ती म्हणाली.

“कुठला?” दादा म्हणाला. “त्यो हलला तरी का?”

“न्हाई हलला. म्हणूनच घ्या.”

“इंदे, ओढायचं हाय. बांधून ठेवायचं न्हाई.”

“वर चढताना गाडी आपसूक चढतीया,” वहिनी म्हणाली. “माणूस पडतो त्यो उतरताना. इतकी वर्सं कुव्यात फिरले, मला इचारा की. हे घर उतारावर मागनं रेटाय लागलं, तर तुमचा हा टोळ धरून ठेवंल व्हय त्येला?”

माळावर पिकल्या मिशांची माणसं होती, ती हसली. दादापण हसला. तिला खिजवायला नाही. ती कॉटवर निजून ट्रकावरनं भांडतीय, हे बघूनच त्याला बरं वाटलं होतं.

“ह्योच घ्यायचा,” तो म्हणाला. “पोरगं बांधलेली चाकं ओढतंय, बघितलंस न्हवं?”

“मग ह्यो घ्या. पर त्याच्या पाठीवर कुव्याच्या फळ्या भरा. सगळ्या. जड करा त्याला.”

इथं मात्र दादाचा चेहरा बदलला. वडिलांचा एक बैल, सोन्या, ओझ्याखाली जुवाला बसून मेला होता. दादानं लहानपणी ते बघितलं होतं. त्यानंतर आमच्या घरी गाडी ओढणाऱ्या बैलाच्या अंगावर कुणी साधी झूल टाकली तरी तो काढायला लावायचा.

“एवढं घर ओढाय लावायचं आणि वर पाठीवर ओझं?” तो म्हणाला. “न्हाई जमायचं.”

“आवं, ट्रक हाय त्यो.”

“असू दे.”

वहिनी माझ्याकडं बघून म्हणाली, “बाळकूभावजी, तुमी तरी सांगा.”

मी भोंग्यावरचा माणूस. मला फक्त आधीच झालेलं मोठं करून सांगता येतं. मी म्हणालो, “दादाला बैलातलं कळतंय, वहिनी.”

दादानं ट्रक घेतला. त्याला गुलाल लावला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग त्याच्या अंगावरचं एकेक उतरवायला लागला. जादा चाक काढलं. अवजारांची पेटी काढली. बाजूची फळकुटं काढली, मागची फळी काढली. ताडपत्रीच्या कमानी काढल्या. शेवटी नुसता सपाट पत्रा राहिला. पुढं बांधलेली बैलाची पितळी घंटा तेवढी ठेवली. फळ्या भाड्याच्या ट्रकात, त्यात मी. घर मिलिटरीच्या ट्रकाला, तो चालवायला दादा स्वतः. वहिनी निघताना खिडकीत बसली होती. तिनं गजरा माळला होता. गल्लीतल्या बायका तिला ओवाळायला आल्या, तर ती म्हणाली, “आता पुरे, गाडी तापतीया.”

कुणकेश्वरची जत्रा होती. राधानगरीवरून दाजीपूर, तिथनं फोंडा घाट उतरून खाली कोकणात. दाजीपूरपर्यंत चढ, आणि काय सांगू, ट्रकानं घर असं ओढलं की मागं घर आहे हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसावं. एका चढाला तर वाटेतली बैलगाडी, एक एसटी आणि दोन सायकलवाले घराला नुसते धरून वर आले. दाजीपूरला दादा खाली उतरला तेव्हा इतका खुशीत होता, की असा मी त्याला लग्नातच बघितला होता.

“बघितलास?” तो मला म्हणाला. “घाम तरी आलाय का?”

“वहिनी काय म्हणतीय?”

“ती काय म्हणणार. खुशीत हाय. गवे दिसले म्हणतीया.”

घाटाच्या तोंडाला दोन्ही गाड्या थांबल्या. इंजिन गार होईतो थांबूया म्हणाला दादा. मी थांबलो नाही. फळ्यांचा ट्रक घेऊन पुढं गेलो, खाली जागा धरायची होती. बरीच वळणं उतरलो आणि एका ठिकाणी चहाची टपरी होती तिथं थांबलो. तिथून मान वर केली की वरचा रस्ता डोंगराला पट्टा बांधल्यासारखा दिसायचा. एका अंगाला कापलेला कातळ, एका अंगाला गुडघ्याएवढा कठडा, आणि पलीकडं काही नाही.

चहा हातात घेतला तेव्हा घंटा ऐकू आली. वर बघितलं. दादाचा ट्रक उतरत होता.

पहिलं वळण बरं घेतलं. दुसऱ्याला घर जरा सरकल्यासारखं वाटलं. तिसऱ्याला मी बघितलं की दादानं ब्रेक दाबलेत आणि ट्रकाची मागची चाकं फिरत नाहीत. चाकं फिरत नव्हती तरी ट्रक पुढं येत होता. मागनं घर रेटत होतं. पत्रा सपाट, पाठीवर काही नाही, साबण लावलेल्या फरशीवर पाट सरकावा तसा तो चालला होता. मग ट्रकाची मागची बाजू कातळाकडं गेली आणि ट्रक रस्त्यात आडवा झाला.

टपरीवाला म्हणाला, “अहो, तुमची गाडी.”

मी म्हणालो, “हो.”

जोडाची पिन तुटली. ट्रक कातळाला टेकून तिथंच थांबला. घर एकटंच पुढं आलं.

“बाप रे,” निशिकांत म्हणाला.

मास्तर जमिनीकडं बघत होते. त्यांना माहीत होतं. गावात सगळ्यांना माहीत आहे. पण ही गोष्ट मी दादादेखत सांगत आलोय, इतकी वर्षं, आणि इथनं पुढं ती कुणी अडवत नाही. दादा कधी हूं नाही की चूं नाही. त्याला ऐकू जातं का, हेसुद्धा मला नक्की सांगता येत नाही. मी त्याच्यासाठीच सांगतो. पुढचा भाग तर फक्त त्याच्यासाठीच असतो.

“आता इथनं खरी गंमत,” मी म्हणालो. माझा आवाज भोंग्यावरचा झाला. “घर कठड्याकडं चाललंय. आणि घराचं मागचं दार फाडकन उघडलं! आतनं आवाज आला. कसला? मोटारसायकलचा. वहिनीला उभं राहता येत नव्हतं, पण गाडीवर बसायला उभं कशाला राहायला पाहिजे? कॉटवरनं कुशीवर वळली, सीटवर पडली, हातानं किक मारली. घर कठड्याला धडकायच्या आत इंदूवहिनी दारातनं बाहेर!”

“काय सांगता,” निशिकांत म्हणाला. त्याला हसावं की नाही ते कळत नव्हतं.

“रस्त्यावर नाही आली. रस्त्याला उतार होता, आणि उताराचं तिनं आधीच सांगितलं होतं. ती सरळ कातळावर चढली! आडवी! जशी कुव्यात फिरायची तशी. अख्खा घाट म्हणजे तिला एक मोठा कुआ. घर खाली गेलं, रिकामं गेलं, रिकामंच गेलं ते. भांड्यांचा तेवढा आवाज झाला बराच वेळ. आणि ती वर कातळावरनं गरगर. मी इकडं भोंगा चालू केला. बघा, बघा, बिनपायांची बिजली! एका चाकावर फोंडा घाट! एसटीतले लोक टाळ्या वाजवायला लागले. एका कंडक्टरची टोपी तिनं जाता जाता उचलली.”

“तात्या,” मास्तर हळूच म्हणाले.

“थांबा, मास्तर. दादाच्या ट्रकाजवळ आली तेव्हा तिनं जरा वेग कमी केला. केबिनच्या खिडकीतनं दादा बघत होता. त्याला एक ओरखडा नव्हता. ती त्याला म्हणाली, ‘मी म्हटलं न्हवतं?’ आणि हसली. रागानं नाही हं. मग तिनं गाडी तोंडानं खाली केली, समुद्राकडं. आम्ही कुणकेश्वरला पोचलो तर वाळूत एका चाकाची खूण, सरळ पाण्यात गेलेली. कोळी अजून सांगतात, अमावस्येला इंजिनाचा आवाज येतो. अशी ती गेली. वळून बघितलं, एकदा हात सोडला आणि...”

“खोटं हाय.”

मला वाटलं मास्तर. पण मास्तर माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होते.

दादाचा आवाज मी इतक्या दिवसांत ऐकला नव्हता असं नाही. आजच सकाळी तो मला दार लाव म्हणाला होता. पण हा आवाज नव्हता तो.

“काय खोटं, काका?” निशिकांतनं विचारलं. तो नवा होता.

दादा त्याच्याकडं नाही, माझ्याकडं बघत होता.

“ती जागी न्हवती,” तो म्हणाला. “घाटाच्या तोंडाला इंजान गार कराय थांबलो, तू म्होरं गेलास. तवा मीच गोळी दिली तिला झोपेची. वळणं लई हायती, खुब्याला हादरं बसतील, निजून ऱ्हा म्हटलं. निजली. घाट उतरायच्या आधी मी एकदा हाक मारून बघितली. ओ न्हाई दिली. निजलीया म्हणून मग गाडी सोडली.”

त्यानं मांडीवरची टरफलं झटकली.

“आणि तू दर टायमाला तिला उठवतोस, बाळकू.”